आवाजाचा मोठेपणा

आपल्या भाषेत आवाजाला 'मोठा' म्हणतात. डोंगर मोठा, घर मोठे, मन मोठे, तसाच आवाजही मोठा. जी गोष्ट डोळ्यांना दिसत नाही, हाताला लागत नाही आणि निर्माण होताक्षणीच नाहीशी होऊ लागते, तिला लांबीरुंदीच्या जगातले विशेषण देऊन आपण मोकळे झालो आहोत. इंग्रजीत या गुणासाठी 'लाउड' हा स्वतंत्र शब्द आहे. आणि त्याचे मूळ शोधत गेले तर तो आपल्या 'श्रुत' या शब्दाचा दूरचा भाऊ निघतो. ऐकणे या अर्थाच्या एकाच आदिम धातूपासून दोघे निघाले. एका भावाने ऐकलेले ज्ञान सांभाळले, दुसऱ्याने कर्णा. मराठीला मात्र या गुणासाठी स्वतःचे नाव नाही. 'मोठेपणा' म्हटले तर ऐकणाऱ्याला भलतेच काही वाटेल.

या अडचणीचा विचार मी केवळ भाषेच्या हौसेने करू लागलो असे नाही. माझ्या कामात आवाजाविषयीचे तक्रारअर्ज येतात, त्यांवर टिपण्या लिहाव्या लागतात, प्रसंगी सुनावणी घ्यावी लागते. एम. ए. ला असताना शब्दार्थाच्या सूक्ष्म भेदांचा जो अभ्यास केला, तो सरकारी नस्तीत कधी उपयोगी पडेल असे वाटले नव्हते. परंतु या अर्जांनी मला पुन्हा त्या जुन्या पाठाकडे नेले. कारण अर्जदार ज्या शब्दाने तक्रार करतो, तो शब्द एक गोष्ट सांगतो. नियम ज्या शब्दाने उत्तर देतो, तो दुसरीच. आणि मापकयंत्र तिसरी.

प्रथम घरातलेच शब्द पाहू. 'हळू बोल' असे आपण म्हणतो, तेव्हा नेमके काय सांगतो? आवाज कमी कर असे, की वेग कमी कर असे? दोन्ही. शिक्षक वर्गात 'हळू वाच' म्हणाले तर मुलगा सावकाश वाचू लागेल. आजारी माणसाच्या खोलीत कोणी 'हळू बोला' म्हणाले तर तो स्वर उतरवील. 'हळू' हा 'लघु' या शब्दाचाच वर्णविपर्यय होऊन आलेला वंशज; हलकेपणा हा त्याचा मूळ अर्थ. पायही हलका पडू शकतो आणि आवाजही. त्याच्या उलट 'जोरात'. गाडी जोरात गेली म्हणजे वेगाने गेली. तो जोरात बोलला म्हणजे मोठ्याने बोलला. आमचे हिंदी भाषक सहकारी 'धीरे' आणि 'ज़ोर से' हे शब्द असेच दुहेरी वापरतात, तेव्हा हा दोष एकट्या मराठीचा नव्हे. वस्तुतः याला दोष तरी का म्हणावे? वेग आणि आवाज या दोहोंच्या मागे माणसाने लावलेली शक्ती एकच असते, आणि भाषेने त्या शक्तीला नाव दिले आहे.

'बारीक' या शब्दाने तर अधिकच घोटाळा केला आहे. 'रेडिओ बारीक कर' म्हणजे त्याचा आवाज कमी कर. पण 'त्या मुलीचा आवाज बारीक आहे' म्हणजे तिचा स्वर उंच आणि पातळ आहे. ती तो आवाज चांगला मोठा लावू शकते आणि शेजारच्या आळीपर्यंत पोचवू शकते. एकाच विशेषणाने एकदा प्रमाण सांगितले आणि एकदा जात. येथे आपण या विषयाच्या मुख्य गाठीपाशी येतो. आवाजाची उंची आणि आवाजाचा मोठेपणा या दोन भिन्न गोष्टी आहेत. तार किंवा पडदा सेकंदाला किती वेळा कंप पावतो यावर उंची ठरते. तो किती जोमाने कंप पावतो यावर मोठेपणा. डास अतिशय उंच स्वरात गातो, पण तो मोठ्याने गातो असे कोणी म्हणणार नाही. ढग अगदी खालच्या स्वरात गर्जतो, पण त्याला हळू म्हणण्याची कोणाची छाती नाही.

इतके स्पष्ट असूनही आपली भाषा या दोहोंची सतत गल्लत करते. भांडणात माणूस 'तारस्वरात' ओरडतो. हा तार म्हणजे संगीतातल्या तीन सप्तकांपैकी वरचे सप्तक. तो 'वरच्या पट्टीत' बोलू लागतो. ही पट्टी पेटीची. त्याचा आवाज 'चढतो', आणि समजूत काढल्यावर 'खाली येतो'. हे सगळे शब्द उंचीचे, आणि आपण ते वापरतो मोठेपणासाठी. पदार्थविज्ञानाच्या मराठीकरणातही हाच प्रकार घडला. तेथे ध्वनीच्या ऊर्जेचे प्रमाण सांगण्यासाठी 'तीव्रता' हा शब्द रूढ झाला. परंतु संगीतात तीव्र मध्यम म्हणजे मोठ्याने लावलेला मध्यम नव्हे, तर चढवलेला मध्यम. विज्ञानाचा विद्यार्थी संध्याकाळी गाण्याच्या शिकवणीला गेला, तर त्याला सकाळचा अर्थ दाराबाहेर ठेवून जावे लागते. हिंदी पाठ्यपुस्तकांनी मोठेपणासाठी 'प्रबलता' आणि उंचीसाठी 'तारत्व' असे दोन शब्द वेगळे ठेवले आहेत. ते कानाला थोडे जड वाटतात, पण एकमेकांच्या शेतात शिरत नाहीत. मी पुढे 'प्रबलता' हाच शब्द वापरीन. श्रोत्यांनी तेवढी मुभा द्यावी.

हा गोंधळ आजकालचा नाही. वेदपठणात उदात्त, अनुदात्त आणि स्वरित असे तीन स्वर मानलेले आहेत, आणि पाणिनीने उदात्ताची ओळख 'उच्च' या कल्पनेनेच करून दिली. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात पतंजलीने महाभाष्यात यावर जी शंका उपस्थित केली आहे, ती वाचताना हा माणूस आपल्या सुनावणीला येऊन बसला असावा असे मला वाटते. त्याचे म्हणणे असे की उंच आणि नीच या शब्दांना स्थिर अर्थच नाही. कोणी एक जण पाठ म्हणत असतो. तो ऐकून एकाला वाटते की हा विनाकारण ओरडतो आहे, आणि त्याच पाठाविषयी दुसऱ्याची तक्रार असते की हा दातांतल्या दातांत पुटपुटतो. मग उच्च कशाला म्हणायचे? ऐकणाऱ्यावर सोडले तर एकमत होणार नाही. बरे, बोलणाऱ्याच्या श्रमावरून ठरवावे, म्हणजे गात्रे ताणली गेली, गळा आवळला गेला की तो उच्च, असे म्हणावे, तर तेही टिकत नाही. कारण अल्प श्वासाच्या माणसाची जी परमावधी, ती दमदार माणसाची सुरुवातही नसते. शेवटी तोडगा निघाला तो असा, की एकाच माणसाच्या एकाच स्थानात, म्हणजे छाती, कंठ किंवा मस्तक यांपैकी जे असेल त्यात, वरचा भाग तो उच्च आणि खालचा तो नीच.

पुढे जयादित्य आणि वामन यांच्या काशिकावृत्तीने ही गोष्ट आणखी उघड करून सांगितली. अमुक जण मोठ्याने बोलतो किंवा मोठ्याने वाचतो असे म्हणताना जो अधिक ऐकू येण्याचा अर्थ असतो, तो येथे घ्यायचा नाही. उच्चत्व हे स्थानावरून ठरते, असा तिचा आशय आहे. म्हणजे प्रबलता आणि उंची यांची फारकत आपल्या वैयाकरणांनी शब्दशः करून ठेवली होती. ती फारकत त्यांच्या पोथीत राहिली, आणि आपण तारस्वरात ओरडत राहिलो.

अर्थात लोकभाषा निव्वळ अडाणीपणाने ही गल्लत करते असे मला वाटत नाही. माणूस जेव्हा मोठ्याने बोलू पाहतो, तेव्हा त्याच्या स्वरतंतूंवरचा ताण आणि फुप्फुसांतला दाब वाढतो, आणि त्याबरोबर स्वरही आपोआप वर जातो. आवाजाचा पोतही बदलतो. त्यात एक धार येते. फ्रेंच वैद्य एतिएन लोंबार याने १९११ मध्ये दाखवले की भोवती गलका असला की माणूस नकळत आवाज चढवतो, आणि गलका थांबला की तो आपोआप खाली येतो. लग्नाच्या पंगतीत हे कोणालाही पाहता येईल. तेव्हा 'चढा आवाज' हा शब्द मुळात कानाशी आलेल्या प्रबलतेविषयी नाहीच. तो बोलणाऱ्याच्या प्रयत्नाविषयी आहे.

याचा पुरावा आपल्या समोरच आहे. आता आपण ज्या यंत्रातून मला ऐकत आहात, त्याची खुंटी अगदी कमी करा, आणि एखाद्या श्रुतिकेतले भांडणाचे दृश्य ऐका. आवाज इतका लहान असेल की शेजारच्या खोलीत पोचणार नाही. तरीही ही माणसे ओरडत आहेत हे आपल्याला तत्काळ कळेल. उलट खुंटी पूर्ण वर नेऊन एखादे कुजबुजलेले वाक्य ऐका. घर दणाणेल, पण कुजबूज ती कुजबूजच राहील. कारण कुजबुजताना स्वरतंतू कंप पावत नाहीत, नुसता श्वास घासत जातो. कुजबूज ही मोठ्या बोलण्याची लहान आवृत्ती नव्हे, ती बोलण्याची निराळी रीत आहे. ध्वनिक्षेपक येण्यापूर्वी प्रयत्न आणि परिणाम यांची गाठ पक्की होती. संगीत नाटकातल्या नटाला शेवटच्या रांगेपर्यंत पोचायचे तर वरच्या पट्टीत, खुल्या गळ्याने गावे लागे. यंत्राने ती गाठ सोडवली. आता हळुवार गाणारा माणूस दहा हजारांच्या सभेला पुरतो, आणि ज्याच्या गळ्याला काडीचे श्रम नाहीत तो अर्ध्या गावाची झोप मोडू शकतो. आपले शब्द मात्र अजून यंत्रापूर्वीच्या काळात राहतात.

आता शब्दांचा दुसरा गोतावळा घेऊ : गोंगाट, गलका, गलबला, गदारोळ, कलकलाट, कोलाहल, दणदणाट. या श्रीमंतीचा मला एरवी अभिमान वाटतो. इंग्रजी नियमात जेथे 'नॉइज' हा एकच शब्द सर्वत्र राबतो, तेथे मराठी माणूस शब्द निवडताना आवाजाची जात, जमावाचा आकार आणि स्वतःची मनःस्थिती हे तिन्ही सांगून जातो. गलका बहुधा मुलांचा, गलबला गोंधळलेल्या गर्दीचा, गदारोळ सभागृहातला, कलकलाट पाखरांचा किंवा ज्यांना आपण पाखरांइतकेच महत्त्व देतो त्यांचा. यांपैकी एकही शब्द केवळ प्रबलता सांगत नाही. '-आट' हा प्रत्ययच पाहा. किलबिलाटात तो आहे, खडखडाटात आहे, पण लखलखाट आणि झगमगाट या प्रकाशाच्या शब्दांतही आहे. तेव्हा तो मोठेपणाचा प्रत्यय नव्हे. एखादी गोष्ट पुन्हापुन्हा, दाटपणे, उसंत न देता घडत राहते, हे तो सांगतो. गंमत अशी की पूर्ण निःशब्दतेलाही आपण 'शुकशुकाट' म्हणतो. भरदुपारी ओस पडलेल्या पेठेतली शांतता अशी अंगावर येते, की तिलाही भाषेने आवाजाचाच साज चढवला.

गोंगाट या शब्दात तर मापापेक्षा न्याय अधिक आहे. मला नको असलेला, मला काही न सांगणारा, आणि माझ्या इच्छेवाचून चालू राहणारा आवाज तो गोंगाट. घोंगावणारी एक माशी पुरेशी आहे. रात्री गळणारा नळ किती मोठा असतो? पण त्या टपटपीने ज्याची रात्र गेली आहे, त्याला प्रबलतेचे आकडे सांगून उपयोग नाही. याच्या उलट टोकाला 'गजर' आहे. वारीतल्या विठ्ठलनामाच्या गजराला, शेकडो टाळांसह तो कितीही प्रबल झाला तरी, गोंगाट म्हणण्याचे कोणाच्या मनातही येत नाही. घोष, जयघोष, निनाद हे याच घराण्यातले मानाचे शब्द. आणि 'नाद' तर सर्वांत वरच्या आसनावर. देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाने तेराव्या शतकात संगीतरत्नाकर लिहिणाऱ्या शार्ङ्गदेवाने आपल्या शास्त्राचा पायाच नादावर घातला; आघाताने उत्पन्न होणारा आहत आणि आघाताविना असणारा अनाहत असे त्याचे दोन भेद मानले जातात. ज्याला प्रबलता मुळीच नाही, जो कानाला ऐकूच येत नाही, तोही नादच! पुढे बोलीने या थोर शब्दाला संसारात ओढले, आणि माणसे नादी लागू लागली, नादावली, नादिष्ट झाली. कोल्हापूरकडे तर तो कौतुकाचा शब्द आहे.

'ध्वनी' हा शब्द या सर्वांत निर्विकार. तो स्तुती करत नाही, निंदा करत नाही. काव्यशास्त्रात आनंदवर्धनाने त्याला सूचित अर्थाच्या पदावर बसवले, तेव्हा तर त्याचा कानाशी असलेला संबंधही सैल झाला. आणि नेमक्या याच सोज्ज्वळ शब्दाच्या गळ्यात आपण प्रदूषण अडकवले. 'नॉइज पोल्यूशन' चे आपण 'ध्वनिप्रदूषण' केले. मूळ शब्दात नकोसेपणाचा जो न्यायनिवाडा होता, तो भाषांतरात गळाला. 'गोंगाट' हा शब्द सरकारी कागदाला पुरेसा भारदस्त वाटला नसावा. आम्ही अधिकारी लोक घरगुती शब्दांना फार भितो.

याचा परिणाम प्रत्यक्ष कामात कसा होतो ते सांगतो. एकाच ध्वनिक्षेपकाविषयी माझ्याकडे दोन अर्ज आले होते. एकात त्याला 'भक्तिगीतांचा गजर' म्हटले होते आणि परवानगीची मुदत वाढवून मागितली होती. दुसऱ्यात त्यालाच 'असह्य गोंगाट' म्हटले होते आणि तो बंद करण्याची विनंती होती. दोन्ही अर्जदार प्रामाणिक होते. दोघेही एकाच गल्लीत राहत होते, आणि दोघांच्याही शब्दांत त्यांचा निवाडा आधीच येऊन बसला होता. तो निवाडा करण्याचा अधिकार नियमांनी मला दिलेला नाही, आणि ते योग्यच आहे. मला विचारायचा असतो तो एकच प्रश्न : प्रबलता किती?

आपल्याकडे १९८१ च्या वायू प्रदूषण अधिनियमात १९८७ साली दुरुस्ती होऊन वायुप्रदूषकांच्या व्याख्येत ध्वनीचा समावेश झाला, आणि २००० साली ध्वनिप्रदूषणाचे स्वतंत्र नियम आले. सकाळी सहा ते रात्री दहा हा दिवस. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा. व्यापारी भागात ६५ आणि ५५. औद्योगिक भागात ७५ आणि ७०. रुग्णालये, शाळा आणि न्यायालये यांच्याभोवती शंभर मीटरपर्यंतच्या शांतता क्षेत्रात ५० आणि ४०. ही मर्यादा दहा किंवा अधिक डेसिबलांनी ओलांडली गेली, किंवा रात्रीचे निर्बंध मोडले गेले, तर नागरिकाला तक्रार करता येते. सर्वोच्च न्यायालयाने १८ जुलै २००५ च्या निकालात भाषणस्वातंत्र्याचा आधार घेऊन कोणालाही आपला आवाज दुसऱ्याच्या कानावर लादता येणार नाही, असे स्पष्ट केले.

हे दहा डेसिबल म्हणजे किती? येथे आकड्यांचा स्वभाव समजून घेतला पाहिजे, नाहीतर ते फसवतात. जेमतेम ऐकू येणारा आवाज आणि कानात वेदना उठवणारा आवाज यांच्या ऊर्जेचे प्रमाण सुमारे एकास एक लाख कोटी असे पडते. इतके शून्य लिहिणे गैरसोयीचे म्हणून दूरध्वनीचा जनक बेल याच्या नावाचे एक घातांकी माप तयार झाले. डेसिबल हा त्याचा दहावा भाग. या मापात ऊर्जा दुप्पट झाली की केवळ ३ डेसिबल वाढतात, आणि दसपट झाली की १०. पण कान ऊर्जेचा हिशेब ठेवत नाही. अमेरिकेत हार्वे फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये आणि स्टॅन्ले स्मिथ स्टीव्हन्स यांनी त्यानंतर तीन वर्षांनी ऐकणाऱ्यांच्या अनुभवावरून प्रबलता मोजण्याच्या रीती बसवल्या. त्यांवरून असे दिसते की ऊर्जा दसपट झाली तेव्हा कुठे ऐकणाऱ्याला आवाज सुमारे दुप्पट मोठा वाटतो. म्हणजे नियमाने तक्रारीसाठी ठेवलेला दहा डेसिबलांचा उंबरठा हा ऊर्जेच्या दृष्टीने दसपटीचा आणि कानाच्या दृष्टीने साधारण दुपटीचा आहे.

यातून कारभाराचा एक धडा मिळतो, आणि तो मला पुष्कळ उशिरा आलेल्या तरुण सहकाऱ्यांना मुद्दाम समजावून सांगावा लागतो. बैठकीत अगदी समंजस तडजोड सुचवली जाते की आठ कर्ण्यांऐवजी चार लावा. सर्वांना ते न्याय्य वाटते, कारण संख्या निम्मी झाली. ध्वनीची पातळी मात्र केवळ ३ डेसिबलांनी उतरते; घरात बसलेल्या माणसाला फरक जेमतेम जाणवतो. तेच कर्णे मोकळ्या जागेत पन्नास मीटरांवरून शंभर मीटरांवर नेले, तर ६ डेसिबल कमी होतात. कर्ण्याचे तोंड वळवले तर बहुधा याहूनही अधिक लाभ पदरात पडतो. पण अंतर आणि दिशा यांत तडजोडीचा देखावा नसतो, म्हणून ते कोणाला सुचत नाही.

यंत्राचाही एक पक्षपात आहे. आपला कान सर्व उंचींच्या आवाजांना सारखी दाद देत नाही. सेकंदाला तीनचार हजार कंपनांच्या आसपास तो सर्वांत तल्लख, आणि खर्जाकडे मंद. या स्वभावाला जुळवून घेण्यासाठी मापकयंत्र खर्जातले आवाज कमी करून मोजते. नियमांतील आकडे याच रीतीचे आहेत. सेकंदाला पन्नास कंपनांचा ध्वनी असेल तर यंत्र त्यातून सुमारे ३० डेसिबल वजा करते. मूळ हिशेब हळू आवाजांवरून बसवला होता, आणि तेथे तो बरोबरच आहे. परंतु आवाज जसजसा प्रबल होतो, तसतसा कानाचा खर्जाविषयीचा मंदपणा कमी होत जातो. यंत्राची वजाबाकी मात्र तेवढीच राहते. मिरवणुकीतल्या डीजेचा ठोका खिडकीची तावदाने हलवतो, छातीत धडधडतो, आणि नोंदवहीत मात्र त्याचे खरे रूप उतरत नाही. तक्रारदार सांगतो की भांडी वाजत होती. यंत्राचा आकडा त्याला खोटे पाडतो. खरे पाहता दोघे दोन वेगळ्या गोष्टींविषयी बोलत असतात.

मग गोंगाट हाच खरा, प्रबलता हा नुसता तांत्रिक शब्द, असे म्हणून मोकळे व्हावे काय? तसेही करता येत नाही. पुण्याच्या गणेशोत्सवात ढोलताशांच्या पथकात वाजवणाऱ्या तरुणाला विचारा. त्याच्या लेखी तो गोंगाट मुळीच नाही, तो उत्साह आहे, आणि त्याचा आनंद खोटा नाही. परंतु अंतःकर्णातल्या ज्या केसपेशी ध्वनीचे संदेशात रूपांतर करतात, त्या एका कानात जेमतेम पंधरा-सोळा हजार असतात, आणि माणसात एकदा गेल्या की पुन्हा उगवत नाहीत. गजर कोणता आणि गोंगाट कोणता, हे त्यांना ठाऊक नसते. त्यांना फक्त प्रबलता आणि काळ कळतो. अमेरिकेतील व्यावसायिक आरोग्य संस्थेच्या शिफारशीप्रमाणे दिवसाला ८५ डेसिबलांत आठ तास, आणि पुढे दर ३ डेसिबलांना हा अवधी निम्मा. शंभर डेसिबलांना तो पंधरा मिनिटांवर येतो. नको असलेला लहान आवाज मनाला पोखरतो आणि नियमांच्या जाळ्यातून निसटतो. हवाहवासा मोठा आवाज कानाला पोखरतो, आणि त्याविरुद्ध अर्ज करायला कोणी येतच नाही. माझ्या मते दुसरा प्रकार अधिक चिंतेचा आहे, कारण त्यात ज्याची हानी होते तोच आनंदाने ताल धरीत असतो.

अलीकडे सुनावणीत मी 'आवाज मोठा होता का' हा प्रश्न विचारणे सोडून दिले आहे. त्याचे उत्तर प्रत्येक तक्रारदार होकारार्थीच देतो आणि त्यातून काही हाती लागत नाही. त्याऐवजी मी विचारतो, की तो केव्हा सुरू झाला, मध्ये थांबत होता की सलग होता, खर्जात होता की कर्कश होता, त्यातले शब्द कळत होते का. शब्द कळणारा आवाज, तो लहान असला तरी, वाचणाऱ्याचे लक्ष अधिक मोडतो. परीक्षेच्या दिवसांतले अर्ज बहुतेक या जातीचे असतात. या प्रश्नांची उत्तरे लोक विचार करून देतात. काहींचा राग उत्तर देतादेताच थोडा निवतो.

एका वृद्ध बाईंच्या अर्जात तर मोठा, गोंगाट, ध्वनिप्रदूषण यांपैकी एकही शब्द नव्हता. त्यांनी एवढेच लिहिले होते की गेले चार दिवस सकाळी पूजा करताना माझ्या देवघरातली घंटा मला ऐकू येत नाही. त्यांच्या खोलीत मोजणी केली, तेव्हा यंत्राने ५३ डेसिबल दाखवले; म्हणजे नियमांप्रमाणे कोणताही भंग झालेला नव्हता. टिपणीत काय लिहावे याचा मी बराच वेळ विचार केला. एका आवाजाने दुसरा आवाज झाकून टाकावा, याला आपल्या नियमांत स्तंभ नाही. शेवटी मंडळाच्या कार्यकर्त्यांना बोलावून बाईंचा अर्ज त्यांना वाचून दाखवला, आणि त्यांच्या घराकडे असलेल्या कर्ण्याचे तोंड मैदानाच्या बाजूला वळवावे अशी विनंती केली. त्यांनी त्याच संध्याकाळी ते वळवले.